अख्ख्या जतवर चढलेला बोजा

1827 साली अख्खं जत जप्त झालं. कुणाचं एखादं शेत नव्हे, कुणाचा वाडा नव्हे, सगळी जहागीर. जतचे डफळे जहागीरदार कर्जात रुतले होते आणि ते कर्ज फेडण्यासाठी सातारच्या राजांनी जहागीर आपल्या ताब्यात घेतली. तिच्या उत्पन्नातून देणी भागत राहिली. चौदा वर्षांनी, 1841 मध्ये, कर्ज फिटलं आणि जहागीर परत मिळाली.

आजच्या भाषेत सांगायचं तर खातं थकलं, तारण ताब्यात गेलं, वसुली झाली, तारण सुटलं. फरक एवढाच, की तारण म्हणून आमचा तालुका होता.

मी याच तालुक्यातला. नोकरी पुण्यात, कोड लिहिण्याची. वय तिशीच्या अलीकडचं. म्हणजे ज्या वयात ऑफिसच्या कँटीनमध्ये क्रिकेटपेक्षा ईएमआयवर जास्त बोललं जातं, त्या वयाचा. कुणी रावेतला फ्लॅट बुक केलाय, कुणी गावाकडे हायवेलगत दोन गुंठे घेतलेत, कुणी दुसरा फ्लॅट ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून बघतोय. प्रश्न सगळ्यांचे सारखेच: कर्ज किती मिळेल, व्याजदर किती बसेल, बँक म्हणते तो विमा घ्यावा का?

जतचा इतिहास चाळताना मला वाटायला लागलं, की या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न यायला हवा. गहाण टाकलेली वस्तू परत येण्याची वाट कुठवर उघडी असते, आणि ती कधी बंद होते? जहागीरदारांची वाट चौदा वर्षं उघडी राहिली. त्यांच्या आसपासच्या रयतेची तेवढी राहिली नाही. गेल्या दोनशे वर्षांत आपल्याकडे जमिनीच्या कर्जाचे जे कायदे झाले, त्यातले बरेचसे या एका वाटेबद्दल आहेत. आज गृहकर्जाच्या ज्या कागदांवर आपण न वाचता सही ठोकतो, त्यातही तीच वाट लिहिलेली असते.

राजाला एक न्याय

डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरची पाटिलकी त्यांच्याकडे होती आणि गावावरूनच आडनाव पडलं. विजापूरच्या आदिलशाहीने सतराव्या शतकात सटवाजीराव डफळ्यांना जतची जहागीर दिली. पेशवाई संपल्यावर 1820 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने करार करून ती त्यांच्याकडे कायम ठेवली. त्यानंतर सातच वर्षांत जप्ती आली.

ती सुटली, पण घडी बसली नाही. जतच्या पैशांच्या भानगडी निस्तरायला इंग्रज सरकारला एकापेक्षा अधिक वेळा मध्ये पडावं लागलं. पुढे जुलुमाच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की 1874 ते 1885 अशी अकरा वर्षं सरकारने कारभार थेट स्वतःकडे घेतला. तरीही जहागीर विकली गेली नाही. ती लिलावात काढून कुण्या सावकाराच्या नावावर चढवावी, असं कुणाच्या डोक्यातही आलं नसणार. 1948 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1949 मध्ये जत दक्षिण सातारा जिल्ह्यात आलं आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं.

राजाचं कर्ज थकलं तर उत्पन्न ताब्यात जायचं, मालकी शाबूत राहायची. रयतेचं थकलं तर?

रयतेला दुसरा

इंग्रजांनी दख्खनमध्ये रयतवारी आणली. जमिनीची मोजणी झाली, सारा ठरला आणि प्रत्येक तुकडा एकेका खातेदाराच्या नावावर लागला. तो विकता यायला लागला, गहाण टाकता यायला लागला. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण जमीन ‘तारण’ झाली ती इथे. आधी सावकार माणूस बघून आणि पीक बघून पैसे द्यायचा. आता त्याला थेट जमीन दिसायला लागली, आणि कागद कोर्टात नेला की हुकूमनामा मिळायला लागला.

1859 मध्ये मुदतीचा कायदा आला. नोंदणी न केलेल्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर तो रोखा बाद. हेतू चांगला होता: जुनी भुतं उकरून कुणी कुणाला छळू नये. घडलं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, रोखा नवा करून दे. थकलेलं व्याज मुद्दलात जमा, त्या वाढलेल्या मुद्दलावर नवं व्याज, खाली नवा अंगठा. शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे, आणि हातात एक नवा रुपया आलेला नाही.

आपल्याकडे यावर जुना लगाम होता, दामदुपटीचा. एका वेळी वसूल करायचं थकीत व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये, हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्यातली कोर्टंही मानत. पण व्याजच मुद्दल होऊन बसलं, की दामदुपट मोजायची कशावर?

त्यात 1861 ते 1865 चं अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं. तिथला कापूस बंद पडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पत वाढली, कर्ज वाढलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी होऊन तोही वाढला. चढत्या बाजारात घेतलेलं कर्ज उतरत्या बाजारात फेडायचं होतं. ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटत असेल, तर ती तशीच आहे.

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांना मुख्यतः कागद हवे होते. रोखे, गहाणखतं, हुकूमनामे मागून घ्यायचे आणि जाळायचे. जिथे कागद मुकाट्याने मिळाले, तिथे बहुधा माणसांना हात लागला नाही. त्याच वर्षी या मुलखापासून दूर, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या कुकरूडलाही सावकाराचं घर फोडून रोखे जाळले गेले. कुकरूड आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे.

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना नेमकं कळलं होतं, की आपली जमीन शेतात नाही, कागदात आहे.

विक्री दिसते, पण गहाण असते

दंग्याच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. जत संस्थान असल्याने इंग्रजी इलाख्याचा हा कायदा इथे आपोआप लागू नव्हता. कायद्याने कोर्टाला एक मोठी मुभा दिली: रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम मानू नका, व्यवहार पहिल्यापासून तपासा. हातात प्रत्यक्ष किती दिले, फेड किती झाली, व्याज किती रास्त, हे बघून हिशेब करा आणि हप्ते बांधून द्या.

मग सावकारांनी वेगळी वाट काढली. गहाणखत नकोच, सरळ खरेदीखत करा. तोंडी वचन: पैसे परत दे, जमीन परत देतो. कागदावर विक्री, मनात गहाण. कायद्यात पुढे दुरुस्ती झाली, की अशी ‘विक्री’ प्रत्यक्षात गहाण होती, हे शेतकऱ्याला तोंडी पुराव्याने सिद्ध करता येईल. 1882 च्या मालमत्ता हस्तांतर कायद्यातही गहाण सोडवून घेण्याचा हक्क कलम 60 मध्ये आहे, आणि मुदत खरेदी हा गहाणाचाच एक प्रकार धरला आहे. पण 1929 मध्ये तिथे एक अट घातली गेली: परत देण्याची शर्त त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल, तरच ते गहाण. वेगळ्या चिठ्ठीवर असेल तर नाही.

ही दीडशे वर्षांपूर्वीची गंमत नाही. ‘मुदत खरेदी’ हा शब्द आमच्या भागात आजही पारावर ऐकू येतो. तुम्ही स्वस्तात मिळतोय म्हणून एखादा तुकडा घेता, तेव्हा विकणाऱ्याच्या मागे कुणाचं तरी असं जुनं खत असू शकतं. आमचा आज्जा म्हणायचा, “रान बघाय नंतर जाऊ, आधी उतारा दाव.” सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना त्यासाठी आहे. तिथे बोजा दिसतो: सोसायटीचा, बँकेचा, कधी कूळ, कधी वारसाचा हक्क. त्याच्या मागचे फेरफार काढायचे आणि दुय्यम निबंधकाकडच्या नोंदींवरून वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा. याला पैसे लागतात, पण पुढच्या कुठल्याही हप्त्यापेक्षा कमी लागतात.

आमच्याच उताऱ्यावर विहिरीच्या कर्जाचा एक बोजा, कर्ज फिटूनही बरीच वर्षं तसाच होता. फेडल्याचा दाखला देऊन तो कमी करून घ्यावा लागतो, आपोआप जात नाही. फेडणं वेगळं, सुटणं वेगळं.

बँकेची वाट

सावकाराला पर्याय म्हणून 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, 1935 मध्ये मुंबई प्रांताची भूतारण बँक आली आणि पुढे भूविकास बँक. जमिनीवर लांब मुदतीचं कर्ज तिथून मिळायचं. ती बँक बुडाली, पण बोजे उताऱ्यांवर राहिले. 2022 मध्ये राज्य सरकारने तिच्या थकबाकीदार शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. घरासाठी मध्यमवर्गाला कर्ज देणारी एचडीएफसी 1977 ची. म्हणजे ज्याला आपण ‘नॉर्मल’ समजतो, ते वीस वर्षांचं गृहकर्ज आपल्या आई-वडिलांपेक्षा लहान असू शकतं.

या कर्जाचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. 40 लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता साधारण 34,700 रुपये. पहिल्या हप्त्यातले 28,333 व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 6,400. वीस वर्षांत भरायचे सुमारे 83 लाख, म्हणजे व्याजच मुद्दलाहून जास्त. दामदुपटीचा नियम इथे कामाचा नाही, कारण तो थकलेल्या व्याजाबद्दल होता आणि हे आपण दर महिन्याला हसतमुखाने भरतो.

आता हाच फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतला आणि 15,000 भाड्याने गेला असं धरा. दरमहा जवळपास वीस हजार पगारातून घालायचे. हा खेळ जिंकायचा तर किंमत वाढायला हवी, आणि तोवर नोकरी टिकायला हवी. सुप्याच्या शेतकऱ्याचा डावही असाच होता: कापसाचा भाव टिकायला हवा होता.

बँक सगळे पैसे देत नाही, हेही ध्यानात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 75 लाखांपर्यंत 80 आणि त्यावर 75 टक्के ही कमाल मर्यादा आहे. उरलेले आपल्या खिशातले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. ‘खिशातल्या’साठी पर्सनल लोन काढलं, तर तो रोखा नवा करण्याचाच प्रकार झाला.

हप्ते थांबले तर? 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं. आधी साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. कर्जदाराला कर्जवसुली न्यायाधिकरणात 45 दिवसांच्या आत दाद मागता येते. आणि ती वाट? 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी भरली, तरच तारण सोडवता येतं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. जहागीरदारांना चौदा वर्षं मिळाली होती. आपल्याला वर्तमानपत्रातल्या एका नोटिशीपर्यंतची वेळ आहे.

शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळली आहे. 1875 चा धडा कुठेतरी शिल्लक आहे म्हणायचा. त्याची दुसरी बाजू अशी, की जे पटकन विकता येत नाही त्यावर बँक पटकन पैसे देत नाही. म्हणून ‘एनए होणारच आहे’ अशा तुकड्यावर गृहकर्ज मिळत नाही, आणि शेतकरी नसाल तर कुळकायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेताही येत नाही.

काही गोष्टी सुधारल्या आहेत. तरत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं, तर वैयक्तिक कर्जदाराला दंड नाही. 2024 पासून दंडात्मक आकार मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायची, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर 2023 पासून आहे. हे नियम वाचताना मला तीन वर्षांनी नवा होणारा तो रोखा आठवतो. कुणाच्या तरी जमिनी गेल्यानंतरचं हे शहाणपण आहे.

कमावणारा गेला तर

वाट उघडी असून उपयोग नाही, चालणारा हवा. विम्याचा प्रश्न इथे येतो.

1874 मध्ये, दख्खनच्या दंग्याच्या आदल्या वर्षी, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. नवऱ्याने बायको-मुलांच्या नावे काढलेला आयुर्विमा हा त्यांचा विश्वस्त निधी, नवऱ्याच्या सावकारांना त्यावर हात टाकता येणार नाही, असं त्यात कलम 6 मध्ये लिहिलं होतं. पण हिंदू-मुसलमानांना ते लागू नव्हतं. मद्रास सोडून बाकी भारतात ते 1 एप्रिल 1923 नंतरच्या पॉलिसींना लागू झालं. त्याच काळात साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांची वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी उभी होती, स्थापना 1913. पुढे युनायटेड वेस्टर्न बँकही त्यांनीच काढली. सातारा-सांगलीच्या पांढरपेशा घरांत विमा असा घराजवळूनच आला. 1956 मध्ये 245 विमा संस्था मिळून एलआयसी झाली.

ते कलम आजही जिवंत आहे. टर्म इन्शुरन्स घेताना फॉर्मवर ‘एमडब्ल्यूपी’ असा पर्याय दिसतो, तो हाच. तो निवडला तर विम्याची रक्कम पत्नीची आणि मुलांची, घेणेकऱ्यांची नाही.

बँक कर्जासोबत जो विमा पुढे करते, तो वेगळा. त्यात बहुधा एकदाच मोठा हप्ता असतो आणि तो कर्जात मिसळतात, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही वीस वर्षं व्याज. गंमत म्हणजे 1882 च्या कायद्यातच, कलम 72 मध्ये, ताब्यातल्या तारणाचा आगीचा विमा काढून त्याचा हप्ता मुद्दलात मिसळायची मुभा गहाण घेणाऱ्याला आहे. कर्जाशी जोडलेल्या विम्याचं संरक्षण बहुतेकदा कर्जाबरोबर घटत जातं आणि पैसे आधी बँकेला मिळतात. तो घेणं कायद्याने सक्तीचं नाही. कर्जाएवढा किंवा त्याहून मोठा साधा टर्म वेगळा घ्या, आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांडून बघा.

घराचा विमा ही तिसरी गोष्ट. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांपर्यंत चढली. 45 फूट ही तिथली धोक्याची पातळी. आम्ही जतकर पाण्यासाठी टँकरची वाट बघणारे, आणि त्याच जिल्ह्यात लोकांच्या पहिल्या मजल्यावर पाणी. अशा वेळी हप्ता थांबत नाही. एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात आग, पूर, भूकंप येतात, आणि घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं बुडालेलं भाडंही येतं. विमा काढायचा तो बांधकाम पुन्हा उभं करायच्या खर्चाचा, बाजारभावाचा नाही. जमीन वाहून जात नाही, म्हणून तिचा विमा नसतो.

जमिनीचं नाव मात्र वाहून जाऊ शकतं. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 16 मध्ये बिल्डरने जमिनीच्या मालकी हक्काचा विमा काढावा, असं आहे, सरकार अधिसूचना काढेल त्याप्रमाणे. तोवर तुमचा मालकीचा विमा म्हणजे तो तीस वर्षांचा शोध अहवाल आणि तो वाचायला घालवलेली एक संध्याकाळ.

मित्र विचारतात, मग घ्यावं की नाही? मी म्हणतो, घ्या. पण सही करण्याआधी तीन आकडे लिहून काढा. पगार बंद झाला तर किती महिने हप्ता जाईल? मी नसेन तर कर्ज कोण आणि कशातून फेडेल? बाजार पडला आणि घर विकलं तर बँकेचं देऊन हातात काय उरेल? तिन्हींची उत्तरं बरी आली, तर अर्धा टक्का व्याज इकडे-तिकडे झाल्याने फार बिघडत नाही. एकही बरं आलं नाही, तर स्वस्त व्याजही महाग आहे. जहागीरदारांच्या मागे सातारचं राज्य होतं, म्हणून चौदा वर्षांनी जत परत आलं. आपल्या मागे आपणच केलेली तजवीज असते, आणि ती सहीच्या आधीच करावी लागते.